तांबेरा, हेलिकॉप्टर आणि पान दोनशे बारा

माझ्या कादंबरीवर सिनेमा निघतोय हे कळल्यापासून मी आमच्या लोणी गावात असा फिरू लागलो, जणू जगबुडी माझ्याच सहीने मंजूर झाली आहे. कादंबरीचं नाव ‘तांबेऱ्याचं साल’. जगातल्या सगळ्या पिकांवर तांबेरा पडतो, माणसं उपासाने मरू लागतात आणि डोंगरातली एक म्हातारी धान्याच्या कणगीत बारा वर्षं लपवलेलं भाताचं बी काढून सगळ्यांना वाचवते. मी हायस्कुलात मराठी शिकवतो. त्या वर्षी मुलांना माझ्याकडून व्याकरण कमी आणि मुलाखतीत कसं बसावं हेच जास्त शिकायला मिळालं.

ती म्हातारी मी अंबाबाईंवरून घेतली होती. तळेघरजवळच्या वाडीत त्यांच्या घरी मी दोन दिवस राहिलो होतो, त्यांच्या हातच्या नाचणीच्या भाकरी खाल्ल्या होत्या. म्हणून पहिल्या दिवशीच्या दुपारच्या खेळाला त्यांनाही बोलावलं. सत्तरीच्या बाई सकाळीच तळेघरपर्यंत चालत आल्या आणि एसटीने मंचरला उतरल्या. तिथून माझी बायको वैजयंती त्यांना गाडीतून नारायणगावच्या थिएटरात घेऊन आली. लोणीहून दोन जीप भरून माणसं आली होती. शेजारचे बाळासाहेब तर फेटा बांधून आले होते.

सिनेमा सुरू झाला. तांबेरा पिकं सोडून माणसांवर चढला होता. लाल डोळ्यांची माणसं पुलावरून गुरगुरत पळत होती. माझ्या म्हातारीची पंचविशीतली शास्त्रज्ञ झाली होती आणि ती हेलिकॉप्टरला लोंबकळत होती.

मध्यंतरात बाळासाहेबांनी हळूच विचारलं, “सर, ह्यात आपली लोणी कुठं हाय?”

“पुस्तकात आहे.”

“मग पुस्तकच दावायचं व्हतं की राव.”

शेवटी त्या शास्त्रज्ञ बाईने मूठभर बी वर धरलं आणि ती किंचाळली, “हे बी नाही, ही धरणीमातेच्या काळजाची शेवटची धडधड आहे!” अख्खं थिएटर हसलं. मागून कुणीतरी ओरडलं, “डॉक्टर बोलवा!”

बाहेर चहाच्या टपरीवर मी तिथे नसलेल्या दिग्दर्शकाची सालटी काढली. “खून केला माझ्या पुस्तकाचा! आणि ते धडधडीचं वाक्य! असलं वाक्य लिहिणाऱ्याचे हात बांधून ठेवले पाहिजेत.”

वैजयंती चहावर फुंकर घालत म्हणाली, “पान दोनशे बारा. प्रुफं तपासताना मी खोडलं होतं. तुम्ही परत घातलंत.”

बाळासाहेब एकदम आपल्या कपात बघू लागले. मी मदतीसाठी अंबाबाईंकडे वळलो. “तुम्हीच सांगा, काय करून ठेवलं तुमचं!”

“मपलं? पोर चांगली व्हती की. येवढ्या वाऱ्यात लोंबकाळली, पर पडली न्हाई.” मग त्यांनी माझ्या पुढ्यातलं एक बिस्किट चहात बुडवलं. “पर गुर्जी, बारा सालं कणगीत बी जित्तं ऱ्हातं व्हय? भाताचं बी दोन-तीन सालांत मरतं. दरसाल पेरायचं, दरसाल नवं धरायचं, तवा ते टिकतं. जाऊं द्या, शिनेमावाल्यांना काय ठावं!”

गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण वैजयंती माझ्याकडे बघत होती.

“ते सिनेमावाल्यांचं नाही,” मी म्हणालो. “ते माझंच आहे.”

“आँ? तुमी तर दोन दिस मपल्या घरी व्हता.”

“हो.”

“मंग इचारायचं न्हाई? तुमी आपली ती इस्टोरीच सांगत बसला व्हता. आमाला वाटलं, तुमाला समदं ठावं हाय.”

त्या खरंच बोलत होत्या. दोन्ही दिवस मी त्यांच्या कणगीला टेकून बसलो होतो आणि आत काय आहे हे एकदाही विचारलं नव्हतं. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी माझी उरलेली बिस्किटं पदरात बांधली आणि म्हणाल्या, “आवणीला या. तवा सांगते.”

चौथ्या दिवशी सिनेमा उतरला. पुढे जुलैतल्या एका रविवारी, आवणी म्हणजे भाताची लावणी सुरू झाल्यावर, मी एसटीने तळेघरला गेलो. अंबाबाईंनी रोपांची जुडी हातात दिली आणि मी गुडघाभर चिखलात उतरलो. मी लावलेली रोपं एकेक करून पाण्यावर तरंगू लागली. त्यांची सून मागून येत मुकाट्याने ती परत लावत होती. बी कोणत्या लोंबीचं धरायचं, कधी झोडायचं, उन्हात किती दिवस ठेवायचं, हे अंबाबाई बांधावरून सांगत राहिल्या. माझे दोन्ही हात चिखलात होते, त्यामुळे काही लिहून घेता येत नव्हतं. मी नुसतं ऐकत होतो, आणि एखादी गोष्ट कळली नाही की पुन्हा विचारत होतो.