माईकवरचं नाव

माझी आई सोनाळ्यात नर्स होती. लैंगिक आजार आणि एचआयव्हीच्या मोफत तपासणीसाठी पैसे जमवायला ती दरवर्षी गावात रोडग्यांचं जेवण ठेवायची. लोक पोटभर जेवायचे, देणगीही द्यायचे, पण माईकवर नावं पुकारायची वेळ आली की सगळे म्हणायचे, "गुप्तदान लिहा, सिस्टर."

"मंदिराच्या वर्गणीले तं नाव दोनदा घ्यायले लावता," असं हसून म्हणत आई पहिलं नाव स्वतःचं पुकारायची. पुढची सगळी गुप्तदानं. तरी अकरा वर्षं तिने एकही जेवण चुकवलं नाही.

ती गेल्यानंतरचं हे पहिलं जेवण. माईक माझ्या हातात होता. यंदा एकही नाव पुकारलं गेलं नाही, तर आई जी लाज घालवू पाहत होती, ती गावात कायमची घर करेल, याची मला भीती होती. मी स्वतःचं नाव घ्यायला माईक तोंडाजवळ नेला.

तेवढ्यात पंगतीतून गोदाकाकू उठल्या. "माह्यं नाव घे, पोरी. अन् सांग, याच तपासणीत माह्यी बिमारी सापडली, म्हणून मी आज हाओ."

"वहिनी, बसा न खाली! लोक काय म्हणतीन?" शेजारून त्यांची नणंद कुजबुजली.

"लोकायले रोडगे खाऊ दे."

मी काकूंचं नाव पुकारलं आणि त्यांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत सांगितलं. कुणी हसलं नाही. नणंदबाई उठल्या आणि माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "माह्यंही घे."