न लोटलेलं दार

मित्रांनो, माझा जन्म एका मोडक्या बाकातून झाला. चर्चमधला शेवटचा बाक वाळवीने खाल्ला, तेव्हा त्याची एकच फळी धड राहिली होती. "या बाकावर बसून लोकांनी नुसत्या डुलक्या काढल्या. निदान ही फळी तरी जागी राहू दे," असं म्हणत सुतारबाबाने तिची एक लहानशी पेटी केली. ती मी. शिंपीकाकांनी मला आतून लाल मखमल लावली. सुतारबाबाचं बोलणं मात्र खरं झालं. मी आजवर झोपलेले नाही.

रविवारी उपासनेत मोडलेल्या भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाची चिमुकली बाटली माझ्यात ठेवायची आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांना त्याच दिवशी पोहोचवायची, अशी आमच्या चर्चच्या मंडळीची रीत. त्या भाकरीला आणि रसाला प्रभुभोजन म्हणतात. ही सेवा शिंपीकाकांकडे होती. किल्लीही त्यांच्याच खिशात असे. वाटेने ते गीत गुणगुणत. कापड सरळ कापणाऱ्या त्या माणसाचा सूर मात्र कायम तिरका जाई. "पेटी आली," म्हणत म्हातारी माणसं उठून बसत आणि मला, खोटं कशाला बोलू, चांगलाच ताठा चढे.

मग तापाची साथ आली. एका रविवारी आम्हाला नर्सबाईंकडे जायचं होतं. शिंपीकाकांच्या मुलीला घटसर्प झाला होता, तेव्हा याच बाई अकरा दिवस तिच्या उशाशी बसल्या होत्या. आता त्यांनाच ताप आला होता आणि त्या गल्लीत कोणी फिरकत नव्हतं.

दाराशी पोहोचताच काकांचे पाय थबकले. त्यांनी नाकाला रुमाल लावला. माझ्या मुठीवरचा त्यांचा हात घामाने निसरडा झाला होता. आतून खोकल्याचा आवाज आला आणि मग बाईंचा.

"कोण आहे? दार उघडंच आहे, लोट की."

काकांनी दार लोटलं नाही. बाईंनी पुन्हा हाक मारली. काका पाय न वाजवता मागे फिरले. मला ओरडता आलं असतं, तर मी ओरडले असते.

"दिलं का?" चर्चमध्ये परतल्यावर पाळकसाहेबांनी, आमच्या धर्मगुरूंनी, विचारलं.

"दिलं. शांत वाटलं त्यांना," काका म्हणाले.

तिसऱ्या दिवशी बाई गेल्या. त्या प्रभुभोजन घेऊन सुखाने गेल्या, असं पाळकसाहेबांनी अंत्यविधीत सर्वांना सांगितलं. ते ऐकून काका उठले आणि बाहेर पडले. ते पुन्हा चर्चमध्ये आले नाहीत. किल्ली त्यांच्याच खिशात राहिली आणि भाकर माझ्या पोटात.

मंडळीने नवी पेटी घेतली. मला कपाटावर, बंद पडलेल्या पंख्यामागे ठेवलं. सात वर्षं मी तिथे धूळ खात होते. धुळीचं काही नाही हो. पण आत तो तुकडा होता आणि तो आवाज होता. दुपारी चर्च रिकामं असलं की मला स्पष्ट ऐकू येई, "लोट की." कधी कधी वाटे, बाई अजून त्या खाटेवर उठून बसल्या आहेत आणि दाराकडे बघताहेत.

आणि एका सकाळी शिंपीकाका आले. केस पांढरे झाले होते. त्यांनी पाळकसाहेबांसमोर मला उघडलं. तुकडा काळा पडून दगडासारखा झाला होता.

"ही नर्सबाईंची भाकर. मी दारातून परतलो," काका म्हणाले. "सात वर्षं शिवणयंत्र चालवतोय, पण त्या आवाजात मला त्यांची हाकच ऐकू येते."

म्हणजे ती हाक एकटी मीच ऐकत नव्हते.

पाळकसाहेबांनी तो तुकडा हातात घेतला. मग म्हणाले, "प्रभू क्षमा करतो, ते मी सांगेनच. पण आधी त्या घरी चल. मीही येतो."

त्या घरात आता नर्सबाईंची धाकटी बहीण एकटीच होती. बाईंच्या शेवटच्या दोन दिवसांत तीच येऊन त्यांच्याजवळ राहिली होती. गुडघ्यांनी तिला जागीच बसवलं होतं. काका उंबऱ्याबाहेरूनच सगळं बोलले. बहीण ऐकत राहिली.

"ताई सारखी म्हणायची, दाराशी कोणीतरी उभं आहे गं," ती म्हणाली. "मी म्हणायचे, कोणी नाही, तापात बरळतेस तू. शेवटपर्यंत मी तिला खोटं ठरवलं."

काकांनी मान खाली घातली.

"आता बाहेर काय उभा राहिलास? आत ये," ती म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "मलाही वर्षभरात कोणी भाकर आणून दिली नाही."

आता आम्ही पुन्हा घरोघरी जातो. भाकर पाळकसाहेब देतात, काका फक्त मला उचलतात. ते आता गुणगुणत नाहीत. माझ्या मखमलीवर त्या तुकड्याचा काळा डाग आहे. अर्ध्या तासात ती बदलता येईल, पण काकांनी बदललेली नाही. आणि प्रत्येक दाराशी ते अजूनही क्षणभर थबकतात, मग दार लोटतात.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण आतून कोणी हाक मारली, तर भीती वाटत असतानाच दार लोटा. भीती जाईपर्यंत थांबलात, तर आतलं माणूस थांबेलच असं नाही.