वेचलेल्या गव्हाची कोठी

मित्रांनो, माझ्या झाकणावर बसून तुम्ही पाय हलवता, पण मी कोण, हे कधी विचारलं नाहीत. मी गव्हाची जुनी कोठी. त्याआधी बैलगाडीची साटी, म्हणजे चाकांवरचा फळ्यांचा सांगाडा होते. डेन्मार्कहून निघालेल्या सिडसेलला मी माळरानं ओलांडून अमेरिकेतल्या युटाच्या या खोऱ्यात आणलं. चाकं मोडली, तेव्हा तिनेच माझ्या फळ्या ठोकून मला कोठी केलं.

तिचा नवरा लॉरिट्स वस्तीचा बिशप, म्हणजे धर्मप्रमुख; आमच्या पंथात बिशप संसारी असे. त्याचा शब्द प्रार्थनेत चाले, तसाच पाटाच्या पाण्याच्या पाळीतही. सिडसेल बायकांच्या मंडळाची प्रमुख. कापणी झाली की बायका तान्ही पोरं पाठीशी बांधून शेतात पडलेल्या लोंब्या वेचत. लोंबीलोंबीने माझं पोट भरे. तो गहू वाईट दिवसांसाठी होता.

प्रार्थनामंदिर उभं राहिलं, पण खिडक्यांना काचा नव्हत्या. तोवर सभा आमच्या कोठारातच भरे, आणि माझं झाकण बिशपचं मेज होई. एका रविवारी लॉरिट्स म्हणाला, "पंथाचे वरचे पुढारी भेटीला येणार आहेत. मंडळाचा गहू विकून काचा आणू. ज्यांची संमती, त्यांनी उजवा हात वर करा."

हात वर झाले. बायकांचेही. बिशपने विचारलं की आमच्याकडे हात वर जातोच, पापणी लवावी तसा.

"कुणाचा विरोध?" हे तो नुसतं रीतीपुरतं विचारी. त्याने टोपी उचललीसुद्धा.

पुढच्या बाकावर एक हात वर गेला. सिडसेलचा.

लॉरिट्सची बोटं माझ्या कडेवर आवळली.

"सिडसेलबहिणी, कारण सांगा," तो परक्यासारखा म्हणाला. सभेत आमच्याकडे प्रत्येक बाई बहीणच, मग ती बायको का असेना.

"बिशप, घाटात बर्फ साचून रस्ता बंद झाला, तर काचेचा पाव भाजायचा का मी? भाजता येत असेल तर हात खाली घेते."

मागून म्हातारी मारेन म्हणाली, "माझा हात आपला सवयीनं वर गेला होता हो. परत घेता येतो का?"

कुणीतरी हसलं. मग एकेक बाई म्हणू लागली, "माझाही."

गहू राहिला. खिडक्यांना मेणकापड लागलं. हिवाळ्यात वारं आत घुसलं की लोक सिडसेलकडे बघत. घरी लॉरिट्स तिच्याशी कामापुरतंच बोले. गहू दमट झाला का ते पाहायला ती माझ्यात हात घाली, आणि कितीतरी वेळ तशीच उभी राही. आपलं चुकलं का, हे ती दुसऱ्या कुणाला विचारणार?

थंडी सरता सरेना. घाटात गाड्या अडल्या, घराघरातलं पीठ संपलं. बायका पिशव्या घेऊन आल्या. सिडसेल मापाने गहू घालू लागली, पण एकटीला पिशवी सावरेना. लॉरिट्स आला, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि त्याने मारेनच्या पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं.

"नीट धरा, सांडेल," सिडसेल म्हणाली.

"धरलंय. घाल तू."

मित्रांनो, आता माझ्यात तुमचे चेंडू असतात. ओलीने माझा तळ कुजतोय, मला विटांवर उचलून ठेवा. आणि कुठलीही भरलेली कोठी रिकामी करण्याआधी ती कुणी भरली, ते विचारा. विचारलंत, तर उत्तर ऐकायला थांबा.