कोंबड्यांचा कोबा

"अहो, कोंबड्या काय नाचणार आहेत का तिथे?" बायकोने विचारलं, तशी गवंडीबुवांच्या हातातली थापी थांबली.

तिचं मागणं साधं होतं. परसातल्या खुराड्यात आणि पुढच्या जाळीच्या अंगणात चिखल होत होता. तिथे जाड वाळू टाकावी, वर पेंढा पसरावा, संपलं. पण गावातल्या निम्म्या घरांची जमीन ज्याने केली, त्याच्या कोंबड्यांनी वाळूत बसायचं, हे गवंडीबुवांना कसं रुचावं?

"लोक काय म्हणतील?"

"कुणाचे लोक? कोंबड्यांचे?"

गवंडीबुवांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांनी सिमेंटचा कोबा केला, आरशासारखा घोटला आणि धुतल्यावर पाणी जावं म्हणून मागच्या भिंतीकडे ढाळ दिला. भिंतीत तळाशी मुठीएवढं भोक ठेवलं. "थेंबभर पाणी थांबलं तर मिशी उतरवीन," असंही जाहीर केलं. मिशी तशी नावालाच होती, त्यामुळे फारसं नुकसान नव्हतं.

कोंबड्या पहिल्या दिवसापासून घसरू लागल्या. बायको पेंढा टाकायची. चकाकी झाकली जाते म्हणून गवंडीबुवा तो झाडून टाकायचे. अंडी घालायच्या जुन्या टोपल्याही शोभत नाहीत म्हणून बाहेर गेल्या. गावात आलेल्या माणसाला पाणी विचारायच्या आधी खुराडं दाखवलं जाई. माणूस बिचारा मान डोलवी.

आणि अंडी बंद झाली. एकही नाही.

बायकोने वाट पाहिली, दाणा बदलून पाहिला. शेवटी एका संध्याकाळी ती म्हणाली, "खाटकाला निरोप धाडलाय. उद्या येतोय. नुसतं खायला किती दिवस घालायचं?" एवढं बोलून ती चुलीकडे वळली, पण आवाज ओला झाला होता. कोंबड्या पिल्लं होत्या तेव्हा तिने त्यांना पदराखाली ऊब दिली होती. कोब्याच्या गारठ्याने तर बिचाऱ्या आटल्या नाहीत ना, ही शंका गवंडीबुवांना बरेच दिवस होती. पण बोलून दाखवलेल्या शंकेला उत्तर मिळतं, म्हणून ते गप्प होते.

उजाडताच ते घमेलं पालथं घालून खुराड्यापाशी बसले. करड्या कोंबडीने जागा शोधली, पाय फाकले, दम धरला आणि अंडं घातलं. अंडं जरा डुललं आणि निघालं. ना इकडे गेलं, ना तिकडे. थेट ढाळाने भोकात.

"आलं गं बाई!" भिंतीपलीकडून आवाज आला.

पलीकडे थोरल्या भावाचं घर. गवंडीबुवांनी टाचा उंचावून पाहिलं. वहिनी भोकाखाली मऊ गवत अंथरून उकिडव्या बसल्या होत्या.

"भावजी, हाताला तोड नाही हो तुमच्या! एक अंडं कधी अडकलं नाही की फुटलं नाही."

"वहिनी, आमची अंडी ती!"

"मला वाटलं, तुम्हीच प्रेमाने सोडताय. एवढी मोजून-मापून सोय दुसरं कोण करणार?"

खरं सांगायचं तर गवंडीबुवांची छाती क्षणभर फुगली. त्यांच्या ढाळाचं असं मनापासून कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. भोकात गुपचूप वीट बसवावी, कोंबड्या आपोआप सुधारल्या म्हणून सांगावं, असाही विचार आला. त्यांनी वीट उचललीसुद्धा. तेवढ्यात करडी पुन्हा घसरली आणि मटकन बसून त्यांच्याकडे पाहू लागली. ते वीट टाकून स्वयंपाकघरात गेले.

"खाटकाला नको म्हणून सांग. कोंबड्या अंडी घालतायत. मीच ती वहिनींकडे पाठवतोय."

"म्हणजे?"

"ढाळ. फार सुंदर झालाय."

बायको आधी बघतच राहिली. मग कळलं, तशी पदर तोंडाला लावून हसत खाली बसली. हसता हसता रडली, आणि उठून कोपऱ्यातली पहार त्यांच्या हातात दिली.

घावांचा आवाज ऐकून रस्त्याने जाणारा न्हावी थबकला. "काय गवंडीबुवा, स्वतःचंच काम फोडताय? बिघडलं की काय?"

"बिघडलं असतं तर ठेवलं असतं हो," गवंडीबुवा घाम पुसत म्हणाले. "फार चांगलं झालं, म्हणून फोडतोय."