सात पूर्ण दिवस

चिटणीसबाईंना घोळ सापडला तो सकाळी साडेनऊला, आणि त्याला कारण त्या स्वतःच होत्या. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोयसुद्धा नव्हती.

झालं असं, की शाळा मंडळाची बैठक होती दुपारी चारला. बाईंनी खुर्च्या मांडल्या, सात सभासदांसाठी सात पेले ठेवले, आणि हात रिकामा कशाला ठेवा म्हणून नियमांची पुस्तिका उघडली. बैठकीची नोटीस फाटकावरच्या फळ्यावर सात दिवस आधी लावावी, हा नियम त्यांना पाठ होता. पाठ म्हणजे अर्धा पाठ. पुढच्या ओळीत लिहिलं होतं, की लावल्याचा दिवस आणि बैठकीचा दिवस धरू नये. मध्ये सात पूर्ण दिवस हवेत.

नोटीस लागली होती गेल्या मंगळवारी. आजही मंगळवार. मधले दिवस सहा. बाईंनी तीनदा मोजून पाहिलं, दिवस काही वाढेनात.

आधीचे चिटणीस वीस वर्षं सोमवारीच नोटीस लावत आले होते. का सोमवारी, ते त्यांनी निवृत्त होताना सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. त्या सोमवारी फळ्याच्या कुलपाची किल्ली सापडेना. बाई म्हणाल्या, जाऊ दे, उद्या लावू, मंगळवार ते मंगळवार आठवडा होतोच की! आता भोगा.

बाईंची नोकरी अजून कच्ची होती. वर्षभर काम बघू, मग कायम करू, असं ठरलेलं, आणि वर्ष भरायला एक महिना राहिलेला. नवरा सहा महिने कामाविना घरी. सासूबाई रोज दारातच विचारायच्या, “आलं का गं पत्र?” त्या पत्रावर सही करणार होते मंडळाचे अध्यक्ष. त्यांचं कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं. बाईंच्या वडिलांचे ते जुने मित्र, म्हणून बाई त्यांना काका म्हणत. नोकरीसाठी शब्दही त्यांनीच टाकला होता.

बाईंनी ठरवलं, तोंड उघडायचं नाही. एका दिवसानं असं कोणतं आभाळ कोसळतंय?

धास्ती होती ती एकाच माणसाची. कोर्टातून निवृत्त झालेले एक कारकून मंडळावर होते. सगळे त्यांना कलमवाले म्हणत, कारण चहा गार आला तरी तो कोणत्या कलमाखाली गार आला हे ते विचारत. चारला पाच मिनिटं असताना कलमवाले आले ते काळा चष्मा लावून. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी महिनाभर वाचायला बंदी केलेली. बाईंचा जीव भांड्यात पडला. म्हाताऱ्याच्या डोळ्याला सुई लागली आणि आपल्याला हायसं वाटतंय, याची त्यांना लाजही वाटली, पण हायसं वाटायचं ते वाटलंच.

बैठकीत विषय एकच होता. कालव्यापलीकडच्या छोट्या शाळेत बेचाळीस मुलं होती. ती शाळा बंद करून मुलांना इकडे मोठ्या शाळेत आणायचं का? काकांना ते हवं होतं, आणि त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. तिकडचं छप्पर गळत होतं, चार वर्गांना दोन शिक्षक होते. पण इकडे यायचं तर मुलांना ट्रकचा मोठा रस्ता ओलांडावा लागणार होता.

पालकांसाठी भिंतीलगत तीस खुर्च्या मांडल्या होत्या. आली एकच बाई. कालव्यापलीकडे ती शिवणकाम करायची. गळ्यातली टेप काढायचीही विसरली होती.

“बघा, शाळेची एवढी काळजी असती तर माणसं आली असती,” एक सभासद म्हणाले.

काकांनी त्या बाईला बोलायला तीन मिनिटं दिली. ती उभी राहिली.

“माणसं का आली नाहीत ते सांगते,” ती म्हणाली. “आमच्याकडचे सगळे गिरणीत. तिथं रजेचा अर्ज सात दिवस आधी द्यावा लागतो, आणि अर्ज घेतात सकाळी दहापर्यंत. तुमची नोटीस मंगळवारी दुपारी लागली. आम्ही बुधवारी अर्ज नेले, तर साहेबानं तोंडावर फेकले. सोमवारी लागली असती, तर मंगळवारी सकाळी अर्ज दिले असते. मग या खुर्च्या पुरल्या नसत्या. मी घरी शिवते, मला कोण अडवणार, म्हणून मी आले. मला नीट बोलता येत नाही. माझी मुलगी दुसरीत आहे, एवढंच.”

ती बसली. बाईंच्या हातातलं पेन थांबलं. सकाळपासून त्या घाबरत होत्या त्या आपल्या नोकरीसाठी. नियम कशासाठी असतो, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्या रिकाम्या खुर्च्यांकडे त्यांना बघवेना.

मतदान झालं. बंद करण्याच्या बाजूनं चार, विरुद्ध तीन. कलमवाले विरुद्ध होते, पण तिघांच्या विरोधानं काय होतंय?

“चिटणीसबाई, लिहून घ्या. ठराव मंजूर,” काका म्हणाले.

बाई उठल्या. “काका... अध्यक्षसाहेब, नोटीस उशिरा लागली. मध्ये सहाच दिवस भरतात, सात हवे होते. सोमवारी मला किल्ली सापडली नाही.”

खोलीत चुळबुळ झाली. कलमवाल्यांनी काळा चष्मा कपाळावर चढवला, डॉक्टर गेले खड्ड्यात. “सहा दिवस? मग ही बैठकच नाही. आपण सात जण नुसते चहाला जमलोय.”

“थांबा हो जरा,” काका म्हणाले. त्यांनी बाईंना जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला. “बाळ, लिही की काही तांत्रिक कारणानं हा ठराव पुढच्या बैठकीत कायम करावा. चूक कुणाची, किती दिवसांची, काही लिहायची गरज नाही. तुझ्यावर काही येणार नाही, आणि झालेलं मतही वाया जाणार नाही. मी तुझ्या भल्याचंच सांगतोय.”

ते खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत होती. त्यांना बाईंची खरोखर काळजी होती. बाईंना सासूबाईंचा चेहरा दिसला, नवऱ्याच्या दारात पडलेल्या चपला दिसल्या. त्यांना मनापासून वाटलं, लिहावं काका म्हणतात तसं.

मग त्यांनी लिहिलं, आणि नियमाप्रमाणे सगळ्यांना वाचून दाखवलं. “बैठकीची नोटीस सहा पूर्ण दिवस लागली होती, सात नव्हे. त्यामुळे पालकांना येता आलं नाही. बैठक रद्द, झालेलं मतदान रद्द. विषय नव्या नोटिशीनं नव्यानं घ्यावा. चूक चिटणिसांची.”

“पुढच्या महिन्यात तुमच्या कामाचा शेरा मला लिहायचाय. हे लक्षात आहे ना?” काकांनी विचारलं. आता ते बाळ म्हणाले नाहीत.

“आहे.”

काकांनी वही ओढली, त्या ओळी स्वतः वाचल्या, आणि सही केली. पेन मात्र बाईंच्या हातात दिलं नाही, टेबलावर ठेवलं.

सगळे गेले. बाई पेले गोळा करत होत्या, तेव्हा शिवणकामवाली पुढ्यात येऊन उभी राहिली. बाईंना वाटलं, आता ही आभार मानणार.

“म्हणजे आमची माणसं तुमच्यामुळे आली नाहीत,” ती म्हणाली.

“हो.”

“आज शाळा गेलीच होती आमची.”

“हो.”

राग तिनं लपवला नाही. “नवी नोटीस कधी लावणार?”

“उद्या सकाळी आठला. बैठक गुरुवारी, म्हणजे पुढच्या आठवड्यातल्या. सात दिवस पुरे भरतात.”

“मी येईन. लागते का, ते माझ्या डोळ्यांनी बघेन.”

“या,” बाई म्हणाल्या. “आणि दिवस तुम्हीही मोजा.”