उंबरकाठीला निघालेली तीनचाकी

मित्रांनो, मी एक जुनी तीनचाकी आहे. लहान मुलं अंगणात खेळतात ती नव्हे. ज्यांचे पाय चालत नाहीत, त्यांनी हातानं दांडा फिरवून चालवायची ती. माझा रंग कधीच उडाला आहे, बसायच्या फळीला चीर गेली आहे आणि उजवीकडे वळताना मी जरा कुरकुरते. तरी माझी गोष्ट सांगायची म्हटलं की मला अजूनही अभिमान वाटतो.

माझा जन्म १९७३ साली कबनूरला झाला. कबनूर म्हणजे मागांचं गाव. सकाळपासून सगळीकडे खडखडाट, माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलायची. तिथं फक्रुद्दीन मिस्त्री माग दुरुस्त करायचे. त्यांची मुलगी नजीरा चौथ्या वर्षी पोलिओनं आजारी पडली आणि तिच्या दोन्ही पायांतली ताकद गेली. हात मात्र भारी चलाख. हातानं फिरवायच्या शिलाई मशीनवर ती सगळ्या गल्लीचे कपडे शिवायची. शिवणकामाची परीक्षा द्यायला मिस्त्रींनी तिला पाठीवर घेऊन कोल्हापूरला नेलं होतं. ती पास झाली. पण घरी परतल्यावर म्हणाली, "आब्बा, चोवीस वर्षांची झाले मी. ह्यापुढं कुणाच्या पाठीवर बसून कुठं जायाची न्हाई."

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर मिस्त्रींनी मला जोडायला घेतलं. दोन जुन्या सायकलींची चाकं, सुताच्या पेटीच्या फळ्या, मोडक्या मागाची दोन दातेरी चक्रं आणि एक साखळी. महिन्याभरात मी उभी राहिले. नजीरानं दांडा फिरवला आणि आम्ही दोघी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. तिथं ती थांबली नाही. हमरस्त्यापर्यंत गेली, आणि मागून मिस्त्री धोतर सावरत पळत आले.

शेजारच्या चिमणाबाई मागासाठी सुताच्या कांड्या भरायचं काम करायच्या. त्यांची बहीण बाळाबाई गारगोटीच्या पुढं, एका तलावाकाठच्या उंबरकाठी गावात दिलेली होती. गाव लहान आणि अगदी शांत. तलावाला होड्या लागायचा दगडी धक्का होता. गावकरी त्याला ऐटीत 'बंदर' म्हणायचे, जणू तिथं आगबोटीच लागत होत्या! त्या गावच्या महिला मंडळाला तीन शिलाई मशीनं मिळाली होती, पण शिकवायला कुणी टिकत नव्हतं. दोन बाया आल्या आणि शांततेला कंटाळून निघून गेल्या.

चिमणाबाईंनी हे सहज सांगितलं. नजीरानं त्याच दिवशी पत्र लिहिलं. 'मी शिवणकामाची परीक्षा पास आहे. माझे पाय चालत नाहीत, हात चालतात. मला शिकवायला यायचे आहे.'

उत्तर आलं गणपतरावांचं. ते गावातले निवृत्त गुरुजी, मंडळाचा पत्रव्यवहार तेच बघायचे. त्यांनी लिहिलं होतं, 'आपल्या धैर्याचे कौतुक वाटले. परंतु गाव पाण्यापलीकडे असून होडीने यावे लागते. आपणांस ते अवघड जाईल. तरी विचार करावा.'

मिस्त्रींनी पत्र वाचून घडी घातली. "नको म्हणत्यात ते. सभ्य माणसं हाईत, म्हणून गोड लिवलंय."

"न्हाई आब्बा," नजीरा म्हणाली. "विचार करावा म्हणत्यात. मी करते की विचार."

आणि मित्रांनो, तिनं असा विचार केला, की गणपतराव चकित झाले असतील. तिनं त्यांना अकरा प्रश्न पाठवले. मोटार थांबते तिथून पाणी किती पावलांवर? वाट उताराची की सपाट? शिवणाच्या खोलीचा उंबरा किती उंच? न्हाणीघर कुठं? होडी किती रुंद? मी भिंतीला टेकून उभी असायची आणि ती माझ्याच फळीवर कागद ठेवून लिहायची. तिच्या टाकाचा प्रत्येक फराटा मला कळायचा.

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. अकराही उत्तरं होती. होडीपुढं लिहिलं होतं, 'आतून अडीच हात.'

"कुणाचा हात?" नजीरानं विचारलं. चिमणाबाई पोट धरून हसल्या. पण नजीरा गंभीर होती. तिनं पाकिटात एक लांब दोरा घातला आणि लिहिलं, 'होडीत जिथे गाडी ठेवता येईल तिथे हा दोरा आडवा धरावा, गाठ मारावी आणि परत पाठवावा.' दोरा परत आला. गाठीच्या जागी पिराजी नावाड्याच्या हाताचं वंगण लागलं होतं. मिस्त्रींनी तो माझ्या मागच्या चाकांवर धरला. मी चार बोटं जास्त रुंद होते.

"झालं," मिस्त्री म्हणाले. "न्हाई बसत. सोड आता तो नाद."

"गाडी बसत न्हाई, तर गाडी बदला."

"अगं, तिकडं तुझं कोन हाय? पडलीस, आजारी पडलीस, तर बघायचं कुणी?"

नजीरा हळू आवाजात म्हणाली, "आब्बा, हितं मला बघायला तुमी हायसा. तुमच्यामागं कोन हाय?"

मिस्त्री उठून बाहेर गेले. खूप वेळानं आत आले ते हातात करवत घेऊनच. त्यांनी माझ्या मागच्या दोन चाकांना जोडणारा आस कापला तेव्हा मला वाटलं, संपलं आपलं आयुष्य. पण त्यांनी त्याला भोकं पाडली, लोखंडी खिळी बसवल्या. आता खीळ ओढली की चाक सुटायचं आणि ठोकली की घट्ट बसायचं. लेकीला त्यांनी ते दहा वेळा करायला लावलं. दहाव्या वेळी म्हणाले, "जा."

तेवढ्यात गणपतरावांचं शेवटचं कार्ड आलं. मार्चच्या बारा तारखेला दुपारी दोन वाजता मंडळाची बैठक होती. त्या दिवशी शिक्षिका ठरली नाही, तर मशीनं दुसऱ्या गावाला जाणार होती.

बारा तारखेला पहाटेच निघालो. चिमणाबाई सोबत होत्या. मला मोटारीच्या टपावर दोरीनं बांधलं होतं; तिथूनच मी कोल्हापूर पाहिलं, गारगोटीचा बाजार पाहिला. नजीरा मोटारीच्या पायऱ्या हातांवर जोर देऊन स्वतः चढली. कंडक्टर म्हणाला, "सावकाश चढा ताई, घाई न्हाई." दुपारी एकच्या सुमाराला आम्ही थांब्यावर उतरलो. पाण्यापर्यंत दोनशे दहा पावलं, सपाट वाट. सगळं पत्रात लिहिल्याप्रमाणं होतं.

फक्त पाणी तिथं नव्हतं.

वाटेची उत्तरं डिसेंबरातली. आता मार्च. तलाव आटून मागं सरकला होता, आणि वाट जिथं संपत होती तिथून होडीपर्यंत नुसता काळा गाळ पसरला होता. नजीरानं अकरा प्रश्न विचारले, पण उन्हाळ्यात पाणी कुठं असतं हे विचारायचं राहिलं होतं. ती तशीच पुढं निघाली. दोन हात गेल्यावर माझी चाकं निम्मी आत रुतली.

पिराजी नावाडी गाळ तुडवत आला. धिप्पाड, मोठ्या आवाजाचा माणूस. "या पावणं! किती दिवस वाट बघाय लावलीसा! चला, बसा पाठीवर. गाडी ऱ्हाऊ दे हितंच."

नजीरानं मान हलवली. तिचे डोळे भरले होते. पलीकडच्या काठावर रंगीत ठिपक्यांसारख्या बाया उभ्या दिसत होत्या. "दादा, तुमच्या पाठीवरनं गेले तर त्या म्हणतील, ही रोज कुणाच्या पाठीवरनं येणार? आन् खरंच हाय की ते."

पिराजीनं कपाळावरचा घाम पुसला. चिमणाबाईंनी गाळाकडं पाहिलं, मग होडीकडं. "काय वो, त्या होडीत बसायच्या फळ्या निघत्यात काय?"

"निघत्यात की!"

दोन फळ्या आल्या. पिराजीनं मला उचलून त्यांवर ठेवलं. नजीरानं दांडा फिरवला, मी फळीच्या टोकाशी पोचले. चिमणाबाईंनी मागची रिकामी झालेली फळी ओढून पुढं टाकली. पुन्हा दांडा. पुन्हा फळी. पुढं, थांब, पुढं, थांब. चिमणाबाई गुडघ्यापर्यंत माखल्या, पिराजी कमरेपर्यंत. नजीराच्या तळहातांची सालं निघाली, पण तिनं दांडा सोडला नाही. मी कुरकुरले, पण थांबले नाही. ऐंशी पावलांना अर्धा तास लागला. होडीशी पोचल्यावर नजीरानं स्वतः माझ्या खिळी ओढल्या, चाकं काढली, आणि मी पिराजीच्या होडीत अशी बसले की दोन्हीकडं बोटभर जागा उरली.

पाण्यावर वारा होता. नजीरा एका हातानं मला आणि एका हातानं होडीची कड धरून बसली होती. ती पलीकडच्या काठाकडं बघत होती आणि तिचा चेहरा पडत चालला होता. तिकडंही गाळच होता.

पण मित्रांनो, तिकडच्या बायांनी सगळं पाहिलं होतं! होडी काठाशी आली तेव्हा बाळाबाई सगळ्यांत पुढं, डोक्यावर चार पाट घेऊन उभ्या. त्यांच्यामागं दहा-बारा बाया. कुणी जेवायला बसायचे पाट आणलेले, कुणी पलंगाच्या फळ्या, एकीनं तर गोठ्याचं दार काढून आणलं होतं. बघता बघता गाळावर लाकडाची वाट तयार झाली, थेट धक्क्यापर्यंत.

"या, बाई," बाळाबाई ओरडल्या, "ह्यो तुमचा रस्ता!"

नजीरानं चाकं बसवली, खिळी ठोकल्या आणि ती माझ्यावर चढली. एका पाटावरून दुसऱ्या पाटावर, खडखड करत आम्ही निघालो. बाया दोन्ही बाजूंनी चालत होत्या. कुणी ढकललं नाही, कुणाला ढकलायची गरजही पडली नाही. आम्ही धक्क्यावर चढलो तेव्हा गणपतरावांच्या हातातलं घड्याळ दोन वाजून पाच मिनिटं दाखवत होतं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाई, दोघी आल्या नि दोघी गेल्या. तुम्ही राहाल?"

"गुरुजी, परत जायाचं तर तो गाळ पुन्हा तुडवावा लागंल," नजीरा म्हणाली. "त्यापेक्षा ऱ्हाते."

सगळा धक्का हसला. गणपतरावही हसले. मग शिवणाच्या खोलीत तिनं बाळाबाईंची चोळी बेतली. इतक्या नेटकेपणानं की कापडाची चिंधीसुद्धा वाया गेली नाही. बैठक तिथंच संपली.

नजीरा राहिली. मी तिच्यासोबत राहिले. पहिल्याच वर्षी गावानं थांब्यापासून पाण्यापर्यंत आणि धक्क्यापासून पाण्यापर्यंत दगड बसवले, उन्हाळ्यात पाणी आटलं तरी माझी चाकं रुतू नयेत म्हणून. तीन मशीनांची सात झाली. आजूबाजूच्या शाळांचे गणवेश उंबरकाठीत शिवले जाऊ लागले. बेंदराच्या सणाला बैलांबरोबर मलाही गोंडे बांधायचे, आणि त्या दिवशी माझ्याइतकी रुबाबदार दुसरी गाडी साऱ्या तालुक्यात नसायची! एका वर्षी मिस्त्री लेकीला भेटायला आले. गावकऱ्यांनी त्यांना मधोमध बसवलं आणि म्हणाले, "गाडी तुमी केली व्हय? मग गावच तुमी केलं की!" ते नुसते माझ्या खिळी तपासत बसले. डोळे पुसायला त्यांना तेवढंच निमित्त होतं.

मग १९८३ साली एका संस्थेनं नजीराला कारखान्यात बनलेली नवी तीनचाकी दिली. हलकी, चकचकीत, ब्रेकवाली. मला गोठ्यामागं ठेवलं. मी रागावले नाही. तिनं माझ्यावर दहा वर्षं काढली होती. पण दोन पावसाळे अंगावर घेताना गंज कसा चढतो हे मला कळलं. माझ्या फळीवर एका कोंबडीनं अंडी घातली. लोक जवळून जायचे आणि माझ्याकडं बघायचेही नाहीत. नको असलेल्या वस्तूला सगळ्यांत जास्त हेच लागतं.

गेल्या हिवाळ्यात मलकापूरहून लालबी नावाची मुलगी शिवण शिकायला आली. गँगरीननं तिचा एक पाय कापावा लागला होता. ती भावाच्या पाठीवर बसून आली, आणि खाली मान घालून बसली ती बसलीच. नजीरानं तिच्याकडं क्षणभर पाहिलं. मग कोंबडीला हुसकावून, स्वतः जमिनीवर बसून, तिनं मला गोठ्यामागून ओढून काढलं. दोन दिवस ती गंज खरवडत होती, तेल घालत होती. तिसऱ्या दिवशी लालबीला म्हणाली, "बस. दांडा पुढं फिरीव."

आता मी लालबीची आहे. तिला अजून वळण घेता येत नाही. परवा तिनं मला थेट गणपतरावांच्या मेथीच्या वाफ्यात घातलं, आणि गणपतराव काठी आपटत ओरडत असताना ती मोठमोठ्यानं हसत होती. इथं आल्यापासून ती पहिल्यांदाच हसली.

म्हणून मित्रांनो, एक विनंती करते. तुमच्या घरात माळ्यावर, गोठ्यामागं, दाराआड कुठंतरी माझ्यासारखं कुणीतरी उभं असेल. एखादी कुबडी, चष्मा, सायकल, मशीन. त्याला पावसात सोडू नका. पुसा, तेल घाला, आणि ज्याला त्याची गरज आहे त्याच्या दारात नेऊन उभं करा. आमच्यात अजून पुष्कळ वाट शिल्लक असते.

आता थांबते. लालबी आली. तिला आज धक्क्यापर्यंत जायचं आहे, आणि ती म्हणते, कुणी सोबत यायचं नाही.