न दिलेला होकार

नातसून माझी पुण्याची. तिला मालवणी अर्धी कळते आणि अर्धी ती हसण्यावारी नेते, म्हणून तिच्यासाठी हे असं शाळेतल्या बाईंसारखं बोलते. काल तिनं मला भिंतीकडे तोंड करून उभी बघितली आणि विचारलं, "आजी, रुसलात का?" अगो बाई, रुसायला समोर कोणी हवं की नको! मी खांदा मोकळा करत होते. खेकडा चढतो तशी बोटं भिंतीवर चढवायची, अडतील तिथं थांबायचं आणि श्वास सोडायचा. चौऱ्याऐंशी साली आमच्या ह्यांनी माझ्याकडून हे करून घेतलं. नाव हरिश्चंद्र. तेव्हा नाव घ्यायची सोय नव्हती. आता घेते, रागवायला ते आहेत कुठे!

त्या वैशाखात माझा उजवा खांदा धरला. हात छातीच्या वर जाईना. चोळी चढवायला सासूबाई, केस बांधायला सासूबाई. पण खरं दुखणं ते नव्हतं. मी मालवणच्या बाजारात मासे विकायची. बसायची जागा माझ्या आयेची, तिच्यामागून मला मिळालेली. आमच्या बायकांत रीत अशी, की नारळी पौर्णिमेनंतर बाजार पुन्हा भरला की पहिल्या दिवशी प्रत्येकीनं आपली पाटी आपल्या डोक्यावरून आणून आपल्या जागेवर टेकवायची. जी आली नाही, तिची जागा दुसरीची. थोरली जाऊ, प्रेमलता, लगेच गोड बोलायला लागली. "तू आराम कर गो सत्यवती, जागा मी बघतंय." तिला बघायची होती ती जागा, माझा आराम नव्हे! भरली पाटी एका हातानं पेलत नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

सरकारी दवाखान्यात एक बाई हातापायांचे व्यायाम शिकवायला यायच्या. त्यांनी ह्यांना जवळ बोलावून सगळं दाखवलं. मला उताणं निजवायचं, एक हात माझ्या कोपराखाली, दुसरा मनगटाला, आणि माझा हात हळूहळू कानाकडे न्यायचा. ओढायचं नाही. अडेल तिथं नुसतं धरून राहायचं, मी लांब श्वास सोडला की हात आपोआप थोडा सैल पडेल, तेवढाच पुढे न्यायचा.

हे सांगितलं कोणाला? जन्मभर रापण ओढलेल्या माणसाला! समुद्रात सोडलेलं भलंमोठं जाळं किनाऱ्यावरून दोरखंडानं खेचणारे हात ते. पहिल्याच दिवशी असा हिसका दिला की माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"माझो जीव घेवचो आसा काय तुमका?" मी किंचाळले. "ही काय रापण आसा ओढूक?"

बिचारे कावरेबावरे झाले. दुसऱ्या दिवसापासून इतकं हळू धरायला लागले की अंडं धरल्यासारखं. पण आता माझंच अंग ऐकेना. त्यांचा हात लागला रे लागला, की मी दात आवळून श्वास कोंडून धरायची. "श्वास सोड गो," ते म्हणायचे. "सोडतंय मां!" मी ओरडायची, आणि सोडायची नाही. आषाढ आला तरी हात होता तिथंच.

मग एके दिवशी कंटाळून म्हणा, रडकुंडीला येऊन म्हणा, माझा हात हातात धरून त्यांनी गाऱ्हाणंच घातलं. आमच्याकडे देवळात एकजण देवाकडे मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्यामागे सगळा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो. लहानपणापासून हे अंगात इतकं भिनलेलं, की 'म्हाराजा' कानावर पडलं की तोंडातून होकार निघालाच पाहिजे.

"बा देवा म्हाराजा! हिचो खांदो धरलो आसा, तो सोडव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी म्हटलं. छातीतला सगळा श्वास त्याबरोबर बाहेर गेला आणि हात चार बोटं वर सरकला. आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

मग काय, रोज संध्याकाळी ओटीवर चटई आणि गाऱ्हाणं. माणूस एरवी घुम्या, पण देवापुढे जिभेला काय धार! "बाजारात पेडव्यांचो भाव वाढूंदे रे म्हाराजा!" व्हय म्हाराजा. "हिच्या जिभेचो तिखटपणा जरा कमी कर रे म्हाराजा!" व्हय म्हाराजा! म्हणून गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. आत सासूबाई हसून हसून खोकायला लागल्या. मी डाव्या हातानं ह्यांना एक चापट दिली, पण उजवा हात त्या दिवशी कानाला टेकला.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मी घाबरलेली होते. हात वर जात होता, पण शेवटचा थोडा अडत होता. ह्यांनी नेहमीसारखा कोपराखाली हात दिला. मग हळूच म्हणाले, "बा देवा म्हाराजा, हिची जागा हिका मिळूंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"आणि हिच्याशिवाय माझा चलाचा नाय. न्हेवचा झाला तर माका हिच्या आदी न्हे रे म्हाराजा!"

होकार अगदी ओठावर आला होता. मी ओठ चावला. "काय बोलतात ह्या तुमी? जीभ जळो तुमची!" म्हटलं, आणि मला रडूच फुटलं. चांगलं हमसून रडले. ते घाबरून म्हणाले, "गप गो, गप. हात बघ तुझो." बघते तर हात डोक्यावरून मागे चटईला टेकला होता.

दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांनी पाटी धरून मी बाजारात गेले आणि आयेच्या जागेवर टेकवली. प्रेमलतेनं तोंड फिरवलं. पलीकडे रस्त्याच्या कडेला आमचे हे उगाच विडी शोधत उभे होते. किती आनंद झाला होता मला, काय सांगू!

हे गेले त्याला आता अकरा वर्षं झाली. माझ्या आदी.

आता भिंतीशी गाऱ्हाणं मीच घालते आणि 'व्हय म्हाराजा'ही मीच म्हणते. त्या एका मागण्याला मात्र मी अजून होकार दिलेला नाही. माझ्या होकाराशिवाय देवानं ते ऐकलंच कसं, हे मी वर गेले की त्याला खडसावून विचारणार आहे.